सिरिलने आगगाडीला हात केला

आमच्या शेजारचा सिरिल होल्डस्वर्थ एके सकाळी माझ्या कचऱ्याच्या डब्याला "गुड मॉर्निंग, बाई" म्हणाला. मी खिडकीतूनच म्हटलं, "सिरिल, मी इकडे आहे." तो जरा थबकला आणि म्हणाला, "माहितेय गं. पण त्याचं झाकण बंद असतं, म्हणून आधी त्याच्याशी बोलतो."

दुपारपर्यंत मी ही गोष्ट अख्ख्या गल्लीत पोचवली. सगळे हसले. माझ्या नवऱ्याने, क्लाइव्हने, तेवढं विचारलं, "त्याला दिसतं ना नीट?" मी म्हटलं, माझा अपमान करण्याइतकं तर दिसतं.

सिरिलचा जन्म गालिच्यांच्या गिरणीत गेला. गिरणी बंद पडली, मग बायको नोरा गेली, मग आमच्या टेकडीवर येणारी बसही बंद झाली. उरली ती जुनी हिरवी मोटरसायकल. तिच्यावरून तो मासे आणि चिप्स आणायला जायचा, पलीकडच्या खोऱ्यात नोराच्या कबरीवर फुलं ठेवायला जायचा आणि गुरुवारी आमच्या मोटरसायकल क्लबात येऊन सगळ्यांच्या गाड्यांना नावं ठेवायचा. ती काढून घेतली तर सिरिलकडे एक किटली आणि एक खुर्ची उरते, असं मीच एकदा चेष्टेत म्हटलं होतं.

वसंतात एका वळणावर सगळा क्लब डावीकडे वळला आणि सिरिल सरळ कुरणात घुसला. "मेंढ्या बघायला गेलो होतो," म्हणाला. आमचा कॅप्टन रॉय एलरशॉ हसला नाही. "थॉर्नबेकच्या सहलीला ये. ती नीट पार पडली तर मी काही बोलणार नाही. नाही पडली तर गाडी सोडायची. तू नाही सोडलीस तर मला लायसन्सवाल्यांना कळवावं लागेल."

"लग्नात नोराच्या बापाने इतकी परीक्षा घेतली नव्हती," सिरिल म्हणाला.

थॉर्नबेकला जुनी वाफेची आगगाडी अजून चालवतात. आम्ही दरवर्षी जातो. मोटरसायकली वरच्या स्टेशनात लावायच्या, आगगाडीने खोऱ्यात उतरायचं, परत वर यायचं आणि घरी. मी क्लाइव्हच्या साईडकारमध्ये, मांडीवर सँडविचचे डबे घेऊन बसते.

क्लबचा नियम जुना आहे. प्रत्येक फाट्यावर कॅप्टनच्या मागचा गडी थांबतो आणि मागून येणाऱ्यांना हाताने वाट दाखवतो. पिवळं जाकीट घातलेला शेवटचा गडी आला की मगच त्याने जागा सोडायची. बरीच वर्षं ते पिवळं जाकीट सिरिलच घालायचा. या वेळी त्याने ते क्लबातल्या गेलला देऊन टाकलं. "तुला शोभतं, केळ्यासारखी दिसतेस," म्हणाला आणि स्वतः कॅप्टनच्या लगेच मागे राहिला. कारण आता कळतं. त्याला रस्ता दिसत नव्हता, पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसत होता.

पण कॅप्टनच्या मागे राहिलं की पहिला फाटा आपलाच. खोऱ्यातल्या रेल्वेपुलाच्या पायथ्याशी रॉयने बोट दाखवलं आणि सिरिल थांबला. आम्ही गेलो तेव्हा ताठ उभा होता, हात डावीकडे. "झाकण लाव," तो मला ओरडला. साईडकारची फटफट त्याने कानाने ओळखली असणार.

वर स्टेशनात पिवळ्या जाकिटातली गेल आली, पण तिच्या मागे सिरिल आला नाही.

"त्याने मला हात केला," गेल म्हणाली. "मागे ट्रॅक्टर चिकटला होता, मला थांबता येईना. झुडपात गेला असेल म्हातारा."

रॉयने घड्याळ पाहिलं. "येईल. रस्ता त्याला पाठ आहे." इंजिनाने शिटी दिली. आम्ही चढलो.

गाडी खोऱ्यात उतरली, पुलावर आली आणि क्लाइव्ह म्हणाला, "अगं, तो बघ."

सिरिल तिथेच होता. हात डावीकडे. आम्ही सगळे खिडक्यांना लोंबलो. रॉयने दोन्ही हात हलवले, गेलने पिवळं जाकीट काढून बाहेर फडकवलं, मी डब्याचं झाकण बडवलं. इंजिनाच्या आवाजात काय ऐकू जाणार. सिरिलने मान वर केली. आगगाडीला सगळेच करतात तसा त्याने छान, ऐसपैस हात केला, अनोळखी माणसांना करतात तसा. मग हात पुन्हा डावीकडे.

खिडकीतून कोणी लवकर आत येईना.

"मला पण असाच केला होता," गेल हळूच म्हणाली.

वर जाऊन मोटरसायकलींवरून परत पुलापाशी आलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. रॉय त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"शेवटचा गेला का?" सिरिलने विचारलं.

"गेला, सिरिल. केव्हाच."

सिरिलने हात खाली घेतला आणि खांदा चोळला. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "गाडी मात्र झकास होती. लोक हात करत होते. तुम्ही होतात का त्यात?"

"होतो," मी म्हटलं.

"मग झालंच," तो म्हणाला आणि कोणी न मागता किल्ली रॉयच्या हातावर ठेवली.

गेलने आपली तिथेच ठेवून त्याची मोटरसायकल चालवत नेली. तो साईडकारमध्ये माझ्या जागी बसला, मांडीवर रिकामे डबे. मी क्लाइव्हच्या मागे. वाटेत प्रत्येक फाट्यावर त्याचा डावा हात जरासा उचलला जायचा आणि परत डब्यांवर पडायचा.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. गुरुवारी क्लाइव्ह न्यायला जातो, तर सिरिल म्हणतो, "पुढच्या वेळी." नोराकडेही नेतो म्हटलं, तर म्हणाला, "साईडकारमधून काय जायचं तिच्याकडे." सकाळी तो दारात येतो, दुधाची बाटली चाचपून उचलतो आणि आत जातो. मी मुद्दाम कचऱ्याचा डबा त्याच्या वाटेत सरकवून ठेवते, खिडकीत उभी राहते. तो त्याला धडकतो, हाताने बाजूला करतो, आणि काही म्हणत नाही.