सासूबाईंचे धुतलेले हात

राहात्याजवळच्या आमच्या वस्तीवर कोरोनाच्या त्या उन्हाळ्यात एकच वाद चालायचा. तो विषाणू माणसाच्या अंगाबाहेर जगतो तरी किती? कापडावर इतके तास, स्टीलवर इतके दिवस, मोबाईलवर रोज नवंच यायचं. आमचे हे ते मोठ्यानं वाचायचे आणि मी चिडायचे. आधीच माझे दिवस भरलेले, माहेरी जायची सोय नाही, त्यात हे पारायण!

नेमक्या तेव्हाच सासूबाई पॉझिटिव्ह निघाल्या. पेरूच्या बागेत क्रेट ठेवायची खोली होती, तिथं त्या आपणहून जाऊन राहिल्या. मुलगी झाली तेव्हाही त्या तिथंच होत्या. पुढं डॉक्टर म्हणाले, "आता काही भीती नाही, खुशाल घरात राहा." त्या आल्या खऱ्या, पण नातीला हात म्हणून लावेनात. मी त्यांना आत्या म्हणते. "आत्या, घ्या की हिला," म्हटलं की त्या चौकटीपाशीच थांबायच्या.

"नगं बाई. हाताला चिकटून बसला आसंल तर? दिसतुया व्हय त्यो?"

दिवसभर हात धुवायच्या. कातडी पार सोलवटली होती. एकदा मी तोंड सोडलंच. "अहो, अख्ख्या वस्तीची तान्ही पोरं तुमच्या हातानं न्हाऊन निघाली, आणि स्वतःच्या नातीला भिता?" तरी बाळ रडलं की त्या लांबूनच पाळण्याची दोरी ओढायच्या. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही.

बारसं घरच्या घरीच केलं. आजीनं आधी बाळाला ओवाळायचं, मग पाळण्याखालून माझ्या जावेच्या हातात द्यायचं, अशी आमच्याकडची रीत. ह्यांनी खूप समजूत घातली तेव्हा आत्या कशाबशा तयार झाल्या. मात्र आधी त्यांनी सॅनिटायझरची बाटली हातावर उपडी केली, कोपरापर्यंत चोळलं, पुन्हा ओतलं, आणि तशाच ओल्या हातांनी पेटत्या निरांजनाचं तबक उचललं.

भप्पकन झालं. दुपारच्या उजेडात जाळ धड दिसलासुद्धा नाही. तबक खणकन पडलं आणि आत्या हात झाडायला लागल्या. ह्यांनी धावत जाऊन त्यांचे हात पाण्याच्या बादलीत बुडवले. बोटं लालभडक झाली, अंगठ्यावर फोड आला. नशीब, तेवढ्यावरच निभावलं. माझं तोंड मात्र थांबेना. "वेड लागलंय का तुम्हाला? पेट घेतं ना ते!"

आत्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी हात बाहेर काढले, उलटेसुलटे करून पाहिले आणि मला विचारलं,

"आता तरी मेला आसंल न्हवं गं त्यो?"

मी लेकीला उचललं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.