पुण्याच्या वरचं पाणी

ज्या ट्रिपा होतात त्यांचे फोटो निघतात. ज्या होत नाहीत, त्यांचे नुसते किस्से साठत जातात. आमच्या डोंगरातल्या फिशिंग ट्रिपचे इतके साठलेत की सांगताना हसू येतं, आणि घरी गेल्यावर डोकं फिरतं.

मेंबर चौघंच. मी, म्हणजे सुरेश, इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपात वेल्डर. त्याच वर्कशॉपातला विलास. पुढाऱ्यांच्या मागं फिरणारे जीपवाले बाळासाहेब. आणि तात्या, आमचे रिटायर्ड फिटर. ट्रिपचं खूळ तात्यांचं. का, ते आधी ऐका.

*

तात्या पक्के मासेखाऊ. उजनीच्या काठावर जन्म गेलेला. एका उन्हाळ्यात पुण्याची घाण नदीतून वाहत येऊन धरणाचं पाणी हिरवंगार झालं. तात्यांनी धरणातली चिलापी मासळी चिरली, नाकाला लावली आणि मांजराला टाकली. मांजरानं हुंगली आणि शेपटी उडवत निघून गेलं!

"मांजराला कळतं, आन आमाला कळंना व्हय?" तात्या म्हणाले.

त्या दिवसापासून मासा बंद. घरात पोरं रस्सा ओरपायची, तात्यांच्या ताटात पिठलं. वहिनी, म्हणजे तात्यांच्या मंडळी, वैतागल्या, "मग कवा खानार?"

"पुण्याच्या वरचं पाणी गावलं की. पुण्यानं अंघोळ करायच्या आधीचं! तितं जायचं, आपल्या हातानं मासा धरायचा, आन खायचा."

*

ठरलं. पानशेतच्या पलीकडं, डोंगरातलं एक तळं. पहाटे आम्ही डबे घेऊन चौकात उभे. जीपचा पत्ता नाही. उजाडल्यावर जीप आली, पण बॉनेटवर झेंडा आणि आत कार्यकर्ते!

बाळासाहेब खिडकीतून म्हणाले, "साहेबांचा दौरा लागला ऐनवेळी. मासे काय पळून जात्यात व्हय?"

तात्या म्हणाले, "मासे कुटं पळत्यात, बाळासाहेब? पळताय तुमी."

डबे आम्ही चौकातच बसून खाल्ले. चांगले लागले नाहीत.

*

मग विलासनं ऑनलाईन गळ मागवला. त्याला रॉड, रीळ, घंटी, सगळं. प्रॅक्टिस हवी म्हणून शेजाऱ्याच्या शेततळ्यावर गेला. हात मागं नेला, जोरात फेकला, आणि गळ अडकला मागं चरणाऱ्या म्हशीच्या कानात! म्हैस रॉडसकट उसात. पुढं म्हैस, मागं विलास, त्याच्या मागं म्हशीचा मालक.

रॉड सापडला तो ऊसतोडीला, दोन तुकड्यांत. शेजाऱ्यानं बोलणं टाकलं आणि विलासच्या बायकोनं ट्रिपचं नाव काढायची बंदी केली. तोही सीझन गेला.

तात्या हसले नाहीत. "पुढच्या वर्षी जाऊ," एवढंच म्हणाले.

*

पुढच्या वर्षी रजा मागायला मी गेलो. खोटं कशाला बोलायचं म्हणून कारण खरं सांगितलं.

वर्कशॉपचे साहेब म्हणाले, "अरे, मासे मार्केटला मिळतात की! त्याला रजा कशाला?"

आठवड्यानं साहेब सहकुटुंब काश्मीरला गेले. बर्फ आपल्या मार्केटला मिळतो, हे त्यांना सांगायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. नोकरी होती.

*

यंदा तात्यांच्या अंगावर सूज आली. बारामतीच्या डॉक्टरनं किडनीचं निदान केलं. मंगळवारपासून डायलिसिस, मग लांबचा प्रवास बंद.

तात्या घरी न जाता थेट वर्कशॉपच्या गेटवर आले. "मंगळवारच्या आत जायाचं," म्हणाले.

गेटवर जीप लावून बसलेले बाळासाहेब म्हणाले, "तात्या, जरा पाऊसपाणी होऊ द्या की."

माझं टाळकंच सटकलं. "पावसाळ्यापतूर तात्या असत्याल, ह्ये तुमी लिहून देता का?" मी सगळ्यांदेखत ओरडलो. तात्या तिथंच उभे होते. बोललो ते वाईटच होतं, पण रविवारी पहाटे जीप वेळेवर आली. झेंडा नव्हता.

*

आता शेवटचा किस्सा.

तळ्यावर पोचलो. पाणी एवढं नितळ की तळातले गोटे दिसत होते. तात्यांनी सुजलेले पाय पाण्यात सोडले आणि ओंजळ नाकाशी नेली. विलासनं नवा गळ काढला, तोवर वॉचमनची शिट्टी!

"गळ टाकायचा न्हाय. बोर्ड दिसंना का? मासा खायचा आसंल तर वर हाटेलात जावा. ह्याच तळ्यातला हाय."

हातापाया पडलो. ऐकेना. तात्या म्हणाले, "जाऊ दे सुऱ्या. धरायचा न्हाय तर न्हाय. पाणी तर ह्येच हाय न्हवं?"

हॉटेलात थाळी आली. तात्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडं बघत बसलो.

"हाय का वास?" तात्या डोळे उघडून म्हणाले. "न्हाय! ह्याला म्हनायचं पाणी!" त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. बाळासाहेबांनीही उपरण्यानं डोळे पुसले. माझ्या मनात आलं, चला, एवढं तरी झालं आपल्या हातून.

तेवढ्यात मागच्या दारी टेम्पो लागला. दोघं जण बर्फातले क्रेट उतरवायला लागले. ड्रायव्हर पाणी प्यायला आत आला आणि थबकला. आमच्याच आळीतला सागर!

"तात्या? तुमी हितं कुटं?"

"तू कुटं हितं?"

"मी येतो की कायम. इंदापूरच्या मार्केटात माल भरायचा, पुण्यात टाकायचा, राहिलेला ह्या हाटेलाला. उजनीची चिलापी लई चालती हितं."

बाळासाहेब टेबलाखालची फरशी बघत होते. तात्यांनी ताट हळूच पुढं सारलं, हात धुतले, पिशवी काखेत मारली.

"सागर, माघारी रिकामाच जानार न्हवं?"

"व्हय."

"मग मला बी घे. मार्केटात कुनी इचारलं तर सांग, एक नग परत आलाय!"