बिनबटणाचं मशीन

ज्या मशीनला आवाज लहान-मोठा करायचं बटणच नाही असं मशीन मी घरी आणलं, म्हणून माझा मुलगा फोनवर पोट धरून हसला. हसू दे. तो गुडगावला काचेच्या इमारतीत बसतो. त्याच्या घरी गाणं नारळाएवढ्या एका डबीतून येतं आणि त्या डबीला तोंडाने सांगावं लागतं की बाई गं, गा आता. मी कुणाला गा म्हणून विनवत नाही. मी वायर जोडतो.

मी चौथी शिकलोय. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि मधे नदी होती, तेवढं कारण मला पुरलं. पण दिल्लीत कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याचं जे जुनं अतिथिगृह आहे, तिथलं स्वयंपाकघर मी उभा जन्म सांभाळलं. मंत्री आले, मंत्री गेले, आमटी माझीच राहिली. तव्याला हात न लावता, नुसता वर धरून, भाकरी कधी टाकायची ते मी सांगतो. हे कुठल्या कॉलेजात शिकवतात ते मला दाखवा.

आणि आवाजातलंही मला कळतं. माझे वडील गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या डाव्या बाजूला ओली कणीक थापतात, तेव्हा तो ‘घुम’ असा बोलतो. लहानपणी ती कणीक मळायचं काम माझ्याकडे होतं. सैल झाली तर आवाज बसतो, घट्ट झाली तर पत्रा वाजतो. म्हणजे पोळीची कणीक मळायच्या आधी मी आवाजाची कणीक मळलेली आहे.

माझ्याकडे एक जुना ॲम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर होते. गाणारा बरा ऐकू यायचा, पण पखवाज वाजला की शेजारच्या खोलीत कुणीतरी उशी झोडपतंय असं वाटायचं. लाल किल्ल्यासमोरच्या बाजारात जुनी मशीनं विकणारा एकजण आहे. त्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, “चाचा, आपके वाले का दिमाग ठीक है, दम नहीं है।” मग त्याने ते दमाचं मशीन दाखवलं. पॉवर ॲम्प्लिफायर. काळं लोखंड, पुढे एक स्विच, एक दिवा, बस. आवाज कमी-जास्त करायचा तो जुन्याच मशीनवर. जुन्याने नुसतं सांगायचं आणि नव्याने ओझं उचलायचं. मला एका झटक्यात समजलं. आचारी तोच, भट्टी नवी.

आम्ही मुनिरक्याला दुसऱ्या मजल्यावर राहतो. खाली घरमालक, रिटायर सुभेदार. इकडे आचाऱ्याला महाराज म्हणतात, म्हणून ते मला महाराज म्हणतात आणि मी तो गैरसमज कधी काढलेला नाही. ते मशीन जिन्यावरून चढवायला तेच आले. दर चार पायऱ्यांना आम्ही दोघं थांबायचो आणि दोघंही म्हणायचो की आपण दमलेलो नाही.

“महाराज, इसमें आवाज़ का बटन तो है ही नहीं।”

“ताकदवाल्याला कान नसतात,” मी म्हणालो. हे त्यांना मराठीत कितपत कळलं माहीत नाही, पण फौजी माणूस, पटल्यासारखी मान हलवली.

जोडणी मी एकट्याने केली. लाल वायर लाल भोकात, पांढरी पांढऱ्यात, स्पीकरच्या वायरी जुन्यातून काढून नव्यात. मग भजन लावलं. पखवाजाची पहिली थाप पडली आणि मांडणीतली ताटं शहारली. घुम! पलंगावर आमची ही बसली होती, तिने डोकं वर केलं.

“कणीक लागली,” ती म्हणाली.

या दोन शब्दांचं मोल तुम्हाला कळायचं तर हिच्या हाताचं सांगायला हवं. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि हिचा उजवा हात गेला. बोलणं परत आलं, पाय परत आला, हात काही येईना. मुनिरका आणि हिंदूराव म्हणजे दिल्लीची दोन टोकं, तरी मी हट्टाने तिला हिंदूरावच्याच इस्पितळात नेत होतो. हिंदूराव आपल्यातलाच माणूस, ग्वाल्हेरहून आलेला. त्याच्या नावाच्या जागी मराठी हात बरा व्हायलाच पाहिजे, असं मी ठरवून टाकलं होतं. तिथल्या व्यायामवाल्या बाईंनी सांगितलं, बोटांना काम द्या, आवडीचं द्या, नाहीतर बोटं विसरतील. मी लोकर आणली, क्रोशाची सुई आणली. हिने तीनदा ती सुई भिंतीवर फेकली. “नाही जमत मला. पुन्हा हातात देऊ नका,” म्हणाली. दोन महिने सुई पितळेच्या डब्यात पडून होती.

मशीन आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “अहो, त्याचं माप घ्या. दिल्लीची धूळ काय थोडी आहे? उघडं कसं ठेवायचं?”

मी माप घेतलं. हिने डब्यातून सुई काढली.

दीड महिना लागला. आमच्याकडे मिक्सर उघडा राहत नाही, टीव्ही उघडा राहत नाही, टेलिफोन होता तेव्हा त्यालाही झालर होती. पण असं झाकण मी पाहिलं नव्हतं. मोरपंखी लोकर, चारी बाजूंना झालर जमिनीपर्यंत, आणि धूळ शिरू नये म्हणून आतून फ्लॅनेलचं अस्तर. दोन ठिकाणी टाके सुटलेले, एक कोपरा वाकडा. हिने उठून ते स्वतः घातलं. उजव्या हाताने. चारी कोपरे दाबून दाबून बसवले. मी त्या दिवशी शिरा केला.

आणि त्या दिवसापासून मशीन बंद पडायला लागलं.

अर्धा तास बरं चालायचं. मग आत ‘टक्’ व्हायचं आणि गाणारा तोंड उघडं ठेवून गप्प. वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप पुन्हा चालू. मी आधी विजेवर संशय घेतला. मग सुभेदारांवर घेतला.

“तुम्ही पंप चालवता, त्या वेळेलाच बंद पडतं,” मी खाली जाऊन म्हणालो.

“महाराज, पंप तो पिछले मंगल से ख़राब पड़ा है।”

“म्हणूनच!” मी म्हणालो आणि वर आलो. जिन्यात माझ्या लक्षात आलं की याला काही अर्थ नाही, पण बोलून झालं होतं.

स्टॅबिलायझर आणला. मशीनची दिशा बदलली, तोंड पूर्वेला केलं. वरच्या मजल्यावर आपल्याकडची परीक्षेची तयारी करणारी पोरं राहतात, त्यातला एक लातूरचा येऊन म्हणाला, “काका, तुमचं भजन अर्ध्यातच का थांबतं? आम्ही त्याच्यावर अभ्यासाची वेळ लावलीय. टक् झालं की चहा.” म्हणजे आजारही बिल्डिंगभर शिस्तीत चालला होता.

शेवटी बाजारात गेलो. दुकानदाराने सगळं ऐकून एकच विचारलं, “चाचा, ये मशीन गरम होती है। गरम होके बंद होती है, ख़ुद को बचाने के लिए। ऊपर कुछ ढका तो नहीं?”

“छे!” मी म्हणालो. “बिल्कुल नहीं।”

का खोटं बोललो ते मलाच कळलं नाही. घरी आलो, भजन लावलं आणि वीस मिनिटांनी त्या झाकणावर हात धरला. लावला नाही, नुसता धरला. भाकरी टाकायला हरकत नव्हती.

मी तिथेच बसलो. पलंगावर ही विणत होती. हिने आता स्पीकरची झाकणं करायला घेतली होती. पहिलं अर्धं झालं होतं, आणि याचे टाके सुटत नव्हते.

“सापडलं का काही?” तिने विचारलं.

“विजेचंच काहीतरी आहे,” मी म्हणालो.

काढून ठेव म्हणायला काय लागतं? दोन शब्द. पण ते ऐकून सुई पुन्हा डब्यात गेली, तर मी ती बाहेर कशी काढायची? घुम ऐकायला मी लोखंड वर चढवलं होतं. आता घुम पाहिजे की ते वाकडं झाकण, असा सवाल होता.

रविवारी मुलगा आला. बूट काढायच्या आधीच म्हणाला, “बाबा, तुम्ही चुकीचं जोडलंय.”

“तू बघितलंस?”

“बघायला कशाला लागतं? प्लीज यार बाबा, सिंपल गोष्ट आहे. प्री-आउटची वायर कुठे लावलीय?”

“जिथे लावायचं तिथे. मी तुझ्या आधीपासून वायरी जोडतोय.”

“त्यात दोनदा फ्यूज उडाला होता!”

“एकदा! दुसऱ्यांदा तुझ्या आईने इस्त्री लावली होती.”

आवाज ऐकून सुभेदार वर आले. त्यांनी हात मागे बांधून, परेड बघावी तसं मशीन बघितलं. मराठी घरात मशीनवर झाकण असतं, ते मुलाला दिसतच नव्हतं; जन्मापासून डोळ्यांना सवय. सुभेदार मात्र बाहेरचे.

“महाराज,” ते म्हणाले, “ये बेचारे को इतनी गरमी में कंबल...”

मी त्यांच्या पायावर पाय दिला. सगळा भार दिला. फौजी माणूस, ओरडले नाहीत. फक्त डोळे मोठे झाले.

पण हिची सुई थांबली होती. तिने एकदा मशीनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

“अहो, माझ्या झाकणामुळे तर नाही ना होत?”

मुलगा मशीनकडे वळला. आणखी एक क्षण गेला असता तर त्यालाही दिसलं असतं, कारण तो शेवटी हुशार आहे, माझ्यावर गेलाय.

“चूक माझी आहे,” मी म्हणालो. “जोडणी माझी चुकली.”

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य या घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. मुलगा खुर्चीवर बसला. “बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना?” म्हणाला. सुभेदारांनी पाय चोळणं थांबवलं. हिने माझ्याकडे बारीक डोळ्यांनी बघितलं, “मला वाटलंच होतं,” म्हणाली, आणि पुढचा टाका घातला.

मग मुलाने मागची झालर वर करून दोन तास जोडणी केली. फोनवर कुणाचे तरी व्हिडिओ बघत सगळं सोडलं आणि सगळं पुन्हा जोडलं. लाल लालमध्ये, पांढरी पांढऱ्यात. तसूभर फरक नव्हता. मी शेजारी उभा राहून “अच्छा, असं होय” म्हणत होतो. चालू केल्यावर घुम आलं. मुलगा आईला म्हणाला, “बघ, वीस मिनिटं झाली, काही प्रॉब्लेम नाही,” आणि मेट्रो पकडायला निघून गेला. तो गल्लीच्या तोंडाशी असेल, तेव्हा टक् झालं.

“बंद पडलं,” ही म्हणाली.

“मीच बंद केलं,” मी पलंगाच्या या टोकावरून म्हणालो. मशीन त्या टोकाला होतं.

सुभेदार अजून तिथेच होते, माझ्यामुळे लंगडत चहा घेत होते. कपाकडे बघत एवढंच पुटपुटले, “हमारे गाँव में ढोलक का भी कपड़ा होता है। बजाते वक़्त उतार देते हैं।”

मी कपाळावर हात मारला. गवसणी! माझे वडील भजनाला बसायच्या आधी पखवाजाची गवसणी काढायचे, घडी करून मांडीखाली ठेवायचे आणि भजन झालं की पुन्हा चढवायचे. गवसणीतला पखवाज कुणी वाजवतं का? ज्याने आवाजाची कणीक मळली, त्याला ही गोष्ट एका सुभेदाराने सांगावी!

“अगं,” मी हिला म्हणालो, “हे वाद्य आहे. याला झाकण नाही शोभत, गवसणी पाहिजे. या झाकणाला नाड्या लाव. चारी बाजूंना. वाजवताना सोडायच्या, झालं की बांधायच्या.”

“रोज?”

“रोज. आणि ज्याची गवसणी त्यानेच सोडायची असते. उजव्या हाताने. माझे वडील दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.”

हे शेवटचं मी तिथल्या तिथे रचलं. वडिलांनी माफ करावं.

आता मशीन बंद पडत नाही. मुलगा ऑफिसात सगळ्यांना सांगतो की बाबांनी उलटं जोडलं होतं, मी जाऊन सरळ केलं. त्याचे मित्र घरी आले की मला समजुतीने हसतात. एकाने मला लाल आणि पांढरं कसं ओळखायचं ते शिकवलं. मी शिकून घेतलं.

रोज सकाळी आठला मी स्विचपाशी उभा राहतो. सुभेदार दारातल्या वेताच्या मोड्यावर बसतात, पाय माझ्यापासून लांब ठेवून. ही पहिली नाडी सोडते, दुसरी सोडते. तिसरीची गाठ तिनेच काल घट्ट मारलेली असते. बोटं घसरतात, पुन्हा धरतात.

“महाराज, मदद कर दो ना,” सुभेदार म्हणतात.

“नियम आहे,” मी म्हणतो, आणि आम्ही दोघं चौथ्या गाठीची वाट बघतो.