फिटरमामांची सूर्यचूल

लालबागच्या आमच्या चाळीवर सूर्य उगवतो तो केवळ आपल्या कामासाठी, अशी खात्री असलेला एकच माणूस होता : शेजारच्या खोलीतले फिटरमामा. आठवडाभर गिरणीत यंत्रं दुरुस्त करायची आणि सुटीच्या दिवशी चोरबाजारातून फुटके आरसे आणायचे, बिस्किटांचे डबे कापून आतून काळे फासायचे, हा त्यांचा विसावा. शेगडीच्या धुराने मामींना दमा जडला होता. म्हणून धुराशिवाय भात शिजलाच पाहिजे, असा मामांचा हट्ट. गच्चीवरच्या त्यांच्या सूर्यचुलीत सकाळी आठला ठेवलेला भात दुपारी तीनला व्हायचा, तोही ढग आला नाही तर. डाळ उद्यावर जायची. बायका विचारायच्या, "मामा, पाळीवर जाणाऱ्याच्या डब्यात काय भरू, ऊन?" मामा म्हणायचे, "हसा गो, हसा. एक दिवस रांग लावशात." हसणाऱ्यांत मीही असायचो.

रांग लागली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात कर्फ्यू आला; कोळशाच्या वखारी बंद, घासलेट संपलेलं. तिसऱ्या दिवशी अख्खी चाळ पातेली घेऊन गच्चीवर. मामा घामाघूम होऊन आरसे उन्हाकडे वळवत होते आणि मामी कठड्याला टेकून नवऱ्याकडे पाहत होत्या, नव्या नवरीसारख्या. तांदूळ फुगायला लागले, तोच खाली पोलिसांची गाडी थांबली. आरशांची चकाकी त्यांना कुणाला तरी केलेली खूण वाटली. "हे कोणाचं?" वर येताच हवालदार गरजला. पातेली पंधरा होती, मालक एकही नव्हता. मी माझ्या चपलेकडे बघत राहिलो. मामा पुढे झाले. "माझां हा. भात शिजता, सायबानू." लाठ्या चालल्या. आरसे फुटले, भात गच्चीभर सांडला आणि मामांना धरून नेलं.

दोन दिवसांनी सुटून आले, ते कुणाला एका शब्दाने बोलले नाहीत. पुन्हा पत्रा कापला नाही. मामींचा दमा वाढला, तेव्हा त्यांना गावी पोचवून आले. तिथेही चूल लाकडांचीच. वर्षभरात मामी गेल्याची तार आली.

महाराष्ट्र मिळाला त्या दिवशी मामा घरोघर पेढे वाटत होते. मी जिन्यात त्यांना गाठलं. "मामा, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"धा मिनटां कमी पडली रे," ते म्हणाले, "नायतर तुझो भात शिजलो असतो." माझ्या हातावर पेढा ठेवून त्यांनी पुढच्या खोलीचं दार वाजवलं.