मारुतीच्या देवळामागचं निळं दार

माझी दोन स्थळं एकाच कारणानं फिसकटली होती. मुलगा मोठ्या टेक्नॉलॉजी कंपनीत आहे, हे सगळ्यांना पटायचं. तिथं तो नक्की करतो काय, हे कुणालाच कळायचं नाही. खरं सांगायचं तर मी नकाशाच्या खात्यात होतो. चुकीच्या जागी बसलेल्या खुणा दिवसभर योग्य जागी सरकवायचो. मुलीच्या बापापुढं हे काय सांगणार? म्हणून हुपरीच्या स्थळाला निघताना मी कंपनीचा सगळा इतिहासच पाठ करून टाकला.

हे स्थळ मला घालवायचं नव्हतं. मुलगी शाहूपुरीतल्या एका ऑफिसात कामाला होती. फोनवर एकदाच बोललो, तेव्हा माझ्या एका फालतू विनोदावर ती अशी खळाळून हसली, की ते हसू मला पुन्हा ऐकायचंच होतं.

हुपरीत शिरताच सोबत आलेल्या माझ्या मामानं गाडी हळू केली. "पानपट्टीवर इचारू की."

"मामा, सगळ्या जगाला वाट दाखवणारी आमची कंपनी, आणि आपण पानपट्टीवर विचारायचं?"

शिवाय घराची खूण मी स्वतः लावली होती. पुण्यात बसून, तिच्या वडिलांनी फोनवर सांगितलं तशी: मारुतीच्या देवळामागं, निळं दार.

निळं दार उघडंच होतं. आत बायका पैंजणाच्या कड्या जोडत बसल्या होत्या. एक धिप्पाड काका उठले. "या की पावणं! बसा. आगं, पोहे टाका!"

का आलात, कुठून आलात, काही नाही. दारात आलेल्याला खाऊ घालायच्या आधी असलं काही विचारणं आमच्याकडच्या रीतीत बसतच नाही. बशा आल्या आणि मी सुटलो.

"दोन पोरांनी भाड्याच्या गॅरेजात कंपनी काढली..."

"मग मोटार कुठं लावत हुते?" काकांनी विचारलं.

हे माझ्या पाठांतरात नव्हतं. "मोटार नव्हतीच त्यांच्याकडं," मी ठोकून दिलं.

"आरारा!" एका मावशीनं हातातली कडी खाली ठेवली.

मग मी काय थांबतोय! काहीही शोधून देणारं यंत्र झालं, फुकटचं टपाल झालं, आभाळातून काढलेले पृथ्वीचे फोटो झाले.

"म्हंजे आमची गच्ची बी दिसती?"

"वाळत घातलेल्या सांडग्यांसकट!"

मावशींनी खूश होऊन आणखी पोहे वाढले. त्या गॅरेजात बॅटरी धरून मीच उभा होतो, अशा थाटात मी बोलत होतो आणि एक डोळा आतल्या दारावर ठेवून होतो. मुलगी काही येईना. फोन मात्र आला. तिचे वडील.

"कुठं हायसा पावणं? पोहे गार झालं की."

"अहो, तुमच्याच सोप्यात बसलोय!"

"आमच्या सोप्यात तर मी एकटाच हाय."

मी काकांकडं पाहिलं. काकांनी माझ्याकडं.

"मला वाटलं, पैंजणाची आर्डर द्यायला आलाय," काका म्हणाले. "एवढ्या मोठ्या कंपनीची."

मामा गदगदून हसला आणि शेवटचा घास खाल्ल्याशिवाय उठला नाही.

मावशी स्वतः आम्हाला मागच्या गल्लीत घेऊन गेल्या. तिथंही निळं दार. उंबऱ्यावरूनच त्या ओरडल्या, "घ्या तुमचं पावणं! आमच्यात खाऊन आलंय. कंपनीनं लई काय काय केलंय म्हनं, पर पोरगं साधं हाय. वाढलं तेवढं खाल्लं, नाव ठेवलं न्हाय."

तिचे वडील मला खालीवर न्याहाळत म्हणाले, "जगाला वाट दावणारी कंपनी, आन् आमचं दार घावलं न्हाय व्हय?"

झालं, हेही गेलं, असं मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात ती पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली.

"कंपनीनं पुष्कळच केलेलं दिसतंय," ती म्हणाली. "तुम्ही काय केलं?"

पाठ केलेलं सगळं उडालं. "मी खुणा सरकवतो. तुमच्या घराची मीच लावली होती. दुसऱ्याच्या दाराला."

आणि ती हसली. तेच हसू! हातातला ट्रे असा हलला, की निम्मे पोहे आधीच बसलेल्या मामाच्या टोपीवर. वडिलांनी लेकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि खुर्ची पुढं सरकवली. "बसा."

मी बसलो आणि पुन्हा पोहे खाल्ले.

ती खूण अजून तिथंच आहे, बायको सरकवू देत नाही. तिच्या माहेरी पहिल्यांदा येणारा माणूस आधी काकांकडं चहा पिऊन येतो. आणि लग्नातले पैंजण? ते काकांनीच घडवले. मोठ्या कंपनीची ऑर्डर त्यांना अखेर मिळाली, एका जोडाची.