बाळ सांभाळायच्या अकरा पायऱ्या

संगणकातलं मला काही कळत नव्हतं, आणि आता कळतं असंही म्हणवत नाही. बीडला पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं. त्यातले दोन दिवस उद्घाटन आणि समारोपात गेले. उरलेल्या तीन दिवसांत एका तरुण मुलानं रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून पडद्यावरचं मांजर चालवून दाखवलं आणि आम्ही पन्नाशीकडे झुकलेल्या बायका माना डोलवत राहिलो. परत आल्यावर मुख्याध्यापकांनी सहावी-सातवीचं कोडिंग माझ्या गळ्यात घातलं, कारण गणित मी शिकवत होते आणि नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही.

चौसाळ्यापासून आत गेलं की आमची जिल्हा परिषदेची शाळा. देणगीत तीन लॅपटॉप मिळाले होते. त्यातला एक चार्जर लावल्याशिवाय उठत नसे, आणि वीज नेमकी माझ्या तासाला जायची. म्हणून मी कोडिंग वहीवरच सुरू केलं. यंत्र बिनडोक असतं, त्याला एकेक पायरी फोडून सांगावी लागते, एवढं एक वाक्य मी प्रशिक्षणातून आणलं होतं आणि त्यावर महिना काढला. यंत्र मी व्हायचे, हुकूम मुलं सोडायची. 'पुढं चला' म्हणाली की मी भिंतीला धडकेपर्यंत चालायचे. मग वर्गात असा काही गोंधळ व्हायचा की मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहायचे.

सातवीतली एक मुलगी मात्र हसायची नाही. मी धडकायच्या आधीच ती ओरडायची, "म्याडम, किती पावलं ते सांगितलंच न्हाई त्येनं!" चूक तिला आधी दिसायची. वीज असलेल्या मोजक्या दिवसांत तिनं त्या मांजराला पाढे म्हणायला लावले. मला ते दोनदा दाखवूनही जमलं नव्हतं. मी तिच्याकडून शिकून सहावीला शिकवायचे, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं डोकं मी पाहिलं नव्हतं.

पण दिवाळी झाली की ती जाणार होती. दिवाळीनंतर आमचं अर्धं गाव ऊसतोडीला जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतं. शाळेत जाणारी मुलं मागं आजी-आजोबांकडे ठेवतात, त्यांच्या जेवणाची सोय शाळेत असते. मागच्या वर्षी तीही अशीच राहिली होती. यंदा घरात बाळ होतं. दहा महिन्यांचा भाऊ, अंगावर पिणारा, म्हणजे तो आईसोबत जाणारच. आणि आई उसाच्या फडात कोयता चालवत असताना त्याला कोपीत, म्हणजे मजुरांच्या त्या ताडपत्रीच्या पालात, सांभाळायला कुणीतरी पाहिजे होतं. सातवीतून अशी गेलेली मुलगी आठवीला येतेच असं नाही. अशा मुली मी दरवर्षी बघत होते, दरवर्षी हळहळत होते आणि गप्प बसत होते.

या वेळी गप्प बसवलं नाही. सरळ तिच्या घरी गेले. वडिलांनी बाजेवरून उठून मला बसायला जागा दिली. पोरगी किती हुशार आहे, कुठल्या कुठं जाईल, असं मी बराच वेळ बोलले. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"म्याडम, तुमचं समदं खरं हाय," ते शेवटी म्हणाले. "पर बाळाला कोन बघंल? तुमीच सांगा."

चुलीजवळून तिची आई म्हणाली, "मला काय हौस हाय का तिला न्यायची?" मी चहा पिऊन उठले. स्कूटीवर बसल्यावर राग आला तो माझाच. माझी दोन्ही मुलं सासूबाईंनी सांभाळली म्हणून माझी नोकरी टिकली, आणि मी तिथं भाषण ठोकून आले होते.

त्याच आठवड्यात मी गृहपाठ दिला. घरातलं एखादं काम पायऱ्या-पायऱ्यांनी लिहून आणा, वाचणाऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही असं धरून. बहुतेकांनी चहा केला. एकानं शेळी बांधली, पण दोरी घ्यायला विसरला. तिनं लिहिलं होतं 'बाळ सांभाळणे'. नऊ पायऱ्या. बाळ रडलं तर आधी लंगोट बघावा. ओला असेल तर बदलावा. कोरडा असेल तर वाटीचमच्यानं पाणी पाजावं. तरी रडलं तर खांद्यावर घेऊन फिरावं. मी शिकवलेलं 'जर, तर, नाहीतर' एकही चूक न करता बसवलेलं. सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'नाहीतर ताईला हाक मारावी.'

मी त्या ओळीखाली लाल रेघ ओढली. "अगं, ही पायरी म्हणजे तूच आहेस," मी म्हणाले. "तुला यातून काढ. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याशिवाय चालला पाहिजे."

"तेच तर करायलेय म्याडम," ती म्हणाली. "मला ऱ्हायचंय."

मला काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. त्यानंतर रोज मधल्या सुट्टीत आम्ही दोघी त्या वहीवर बसायचो. झोपला तर? माती खाल्ली तर? अंग गरम लागलं तर? मी शंका काढायचे, ती पायरी घालायची. घरी जाऊन ती बाळाला चुलतीकडे देऊन स्वतः दाराआड उभी राहून बघायची. एकदा पडलेल्या चेहऱ्यानं आली. "ताईला काढून पायलं म्याडम. मग त्यो थांबतच न्हाई." दोन दिवस आम्ही तिथंच अडकलो होतो. मग तिचं तिलाच सुचलं. 'बाळाचं तोंड फडाकडं करून धरावं. आई दिसती.' हाक मारायची ओळ गेली. पायऱ्या अकरा झाल्या.

हे सगळं कुणाच्या हातात द्यायचं, हे मी विचारलं नाही. कोपीवर एखादी म्हातारी असेल, फडावर न जाणारी एखादी बाई असेल, असं मी मनाशी धरून चालले होते. मी गणिताची बाई, आणि एवढी साधी गोष्ट विचारली नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी तिनं नवी वही आणली. एकेका पानावर एकेक पायरी, चित्रांत. वाटी, चमचा, लंगोट, तापलेल्या कपाळावर हात, उसाकडे तोंड केलेलं बाळ. चित्रं सुंदर होती. मी तिला चिडवायला तिच्याच बोलीत म्हणाले, "चित्रं कावून गं? लिहायचा कंटाळा आला?"

"तिला जोडाक्षरं येत न्हाईत आजून."

"कुणाला?"

"चुलत्याच्या पोरीला. तिसरीत हाय बगा आपल्या. ती चाललीय मह्या बदली. लई ल्हान हाय, तिला काय जमंना म्हनून महा बाप आधी न्हाई म्हनत व्हता. मग वही बघून तिनं दोन दिस बाळ सांभाळलं. हाक मारली न्हाई कुनाला. मग हो म्हनला." आणि वही माझ्यापुढं सरकवून, "आता बरोबर हाय का म्याडम?"

मी अकराही पानं उलटली, सावकाश. एखादी चूक सापडावी असं मला फार वाटत होतं. सापडली असती तरी पुढं काय, ही गेली असती. ती आठ वर्षांची आणि ही तेराची, कुणाला पाठवायचं हे ठरवायला मी कोण, आणि आजवर ठरवत कोण आलं होतं? माझ्याजवळ तिसरं नाव नव्हतं. तिच्या डोळ्यांत असा आनंद होता की मला तिच्याकडे बघवेना. मी 'बरोबर आहे' म्हणाले आणि सवयीनं खाली सही केली.

दिवाळीनंतर शाळा भरली. ती लॅपटॉपपुढं बसलेली होती, केस विंचरून, नवी रिबीन लावून. वीजही होती. तेवढ्यात तिसरीच्या बाई हजेरीपट घेऊन आल्या. त्यांच्या वर्गातली एक मुलगी आली नव्हती, मला काही माहीत आहे का, म्हणून विचारत होत्या. ऊसतोडीला गेली, बाळ सांभाळायला, एवढं मी कसंबसं सांगितलं.

"अहो, एवढीशी पोर ती! तिला बाळ झेपणार आहे का?"

माझ्याआधी तिनंच पडद्यावरून मान वळवली आणि माझ्याकडे बोट दाखवून त्यांना धीर दिला, "झेपंल बाई. आमच्या म्याडमनी तपासून दिलंय."