तिहोमीरचे चार व्होल्ट

मिलुंका नवऱ्याच्या कबरीवर सिगारेटऐवजी त्याचा व्हेप घेऊन आली, तेव्हा माझे डोळेच पांढरे झाले.

मृतांच्या शनिवारी आमचं अख्खं लेस्कोवात्स गाव दफनभूमीत असतं. मेणबत्ती, उकडलेले गहू, आणि गेलेला माणूस ओढणारा असेल तर सिगारेट पेटवून, एक झुरका घेऊन मातीत खोचायची. ती जळून संपेपर्यंत बसून राहायचं. आणि ही बया वाफेची नळी घेऊन उभी!

"अगं, लाज कशी वाटत नाही? दुकानातल्या सिगारेटी संपल्या का?" मी म्हटलं.

"सिगारेटला हात लावणार नाही म्हटलंय ना, देसा? मग नाही."

मिलुंका माझी जन्माची शेजारीण, सूतगिरणीत राबलेली, हट्टाची पक्की. डॉक्टरांनी तिहोमीरच्या फुप्फुसावर डाग दाखवला, त्याच दिवशी तिनं घरातली सगळी पाकिटं चुलीत घातली. स्वतःचीसुद्धा. मग तिहोमीरनं हा व्हेप आणला. तो रेडिओ दुरुस्त करणारा, त्यामुळे त्याचंही प्रवचन सुरू झालं. "व्होल्टला व्होल्टनं गुणा, कॉइलच्या, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेच्या, ओहमनं भागा. चार चोक सोळा, भागिले दोन. आठ वॅट. माझ्या घशाला आठ मानवतात. साधा ओहमचा नियम आहे, बायांनो!"

"झालं का, प्राध्यापक?" मिलुंका म्हणायची. "कॉफी गार होतेय."

तिच्या डोक्यात राहिला तो फक्त चार. तिहोमीर अंथरुणाला खिळल्यावर तीच व्हेपच्या कापसात निकोटिनचा रस भरायची, कॉइल बदलायची, व्होल्टची चाकी चारवर फिरवून नळी त्याच्या ओठांना लावायची. "त्याचा आकडा मला पाठ आहे," असं मोठ्या अभिमानानं सांगायची.

शेवटी शेवटी तो मात्र तोंड फिरवायला लागला. धड बोलवत नव्हतं त्याला. "करपलंय, मिलुंका. जळतंय. एक खरी सिगारेट दे."

"दुखण्यानं तोंडाची चव गेलीय तुझी. ओढ गुपचूप."

सिगारेट तिनं दिली नाही. मी तिथेच होते. काय खंबीर बाई आहे, असं मला वाटलं होतं.

तर आता कबरीपाशी तिनं व्हेपमध्ये रस भरला, कापूस भिजू दिला, चाकी चारवर आहे ना ते पाहिलं आणि झुरका घेतला. दुसऱ्या क्षणी ती वाकली. खोकता खोकता डोळ्यांतून पाणी आलं, मातीत थुंकली. जळक्या कापसाचा वास माझ्याही नाकात शिरला.

"करपलंय," ती म्हणाली.

तोच शब्द.

"कॉइल कुठली आहे ही?" मी विचारलं.

"त्याचीच. शेवटची. जुन्या मिळेनात, म्हणून दुकानातल्या पोरीनं या दिल्या होत्या." तिनं ती उघडून काढली, चटका बसला तरी सोडली नाही. कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं: अर्धा ओहम.

ती गुडघ्यांवर बसली आणि बोटानं मातीत सोळा लिहिले. त्याखाली अर्धा. ओठ हलत होते. अर्ध्यानं भागलं की दुप्पट होतं, एवढं गिरणीतल्या बाईला समजतं.

"बत्तीस," ती ते मातीत लिहीत म्हणाली. "आठाच्या जागी बत्तीस, देसा! दोनवर ठेवायचं होतं. बे दुणे चार, भागिले अर्धा, आठ. चाकीवर दोनचा आकडा आहे की गं. तेव्हाही होता की!"

"अगं, आजारी माणसाला कसली चव," मी खोटंच म्हटलं.

"गप्प बस. तो सांगत होता. मरता मरता सांगत होता, आणि मी त्याच्या तोंडात कोंबत होते."

शेजारच्या कबरीवर झागोर्का भावासाठी सिगारेट पेटवत होती. मिलुंका उठली आणि तिच्यापुढे हात पसरला. झागोर्कानं माझ्याकडे पाहिलं, मग निमूट पाकीट पुढे केलं. दिलेला शब्द मोडताना मी मिलुंकाला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं सिगारेट पेटवली, एक झुरका घेतला आणि मातीत खोचली, त्या बत्तिसाच्या शेजारी.

"घे, तिहा," ती म्हणाली. "घे, खरी आहे."

वारा सुटला होता. सिगारेट विझू नये म्हणून तिनं दोन्ही हातांचा आडोसा केला, आणि ती बुडापर्यंत जळेस्तोवर हात काढले नाहीत.